इतवारीतील रद्दीवाल्या भाऊंना अनावृत पत्र

आदरणीय भाऊ,

सादर नमस्कार. तुमची परवानगी घेतलेली नसल्यामुळे येथे तुमचे नाव लिहीत नाही. नागपूरच्या इतवारीत तुमच्याकडे रद्दी देणारे लोक तुम्हाला ओळखतीलच. आमच्या घरची एकनाथी भागवताची हस्तलिखित पोथी तुमच्यामुळे परत आली, आणि अजूनही ती उघडून समोर ठेवली की आईला बोलणे सुचत नाही.

नाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या या 31 अध्यायांच्या ग्रंथाच्या छापील प्रती आज सहज मिळतात. आमच्या पोथीचे मोल तिच्या शेवटच्या पानात आहे. नागपूरच्या तिसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1853 पूर्वी, हातकागदावर उतरवलेल्या या प्रतीवर पहिल्या मालकाची एक ओळ मोडीत आहे, तिच्याखाली बालबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरांत आमच्या पणजोबांचे 'हे पुस्तक अमुक यांचे असे' आहे, आणि अगदी तळाशी पणजीने बालबोध अक्षरांत स्वतःचे नाव लिहून पारायण पूर्ण झाल्याची नोंद केली आहे. पणजीचे छायाचित्र आमच्याकडे नाही, सातबारावर तिचे नाव कधी चढले नाही. तिच्या हातचे म्हणून जे काही या जगात उरले आहे, ते एवढेच.

वडिलांनी ही पोथी ज्या संस्थेकडे विश्वासाने सांभाळायला दिली होती, तिच्याबद्दल फार लिहिण्याची इच्छा नाही. जुनी कपाटे काढली तेव्हा त्यांतले गठ्ठे कोठे गेले, हे तेथे कोणी सांगू शकले नाही, आणि 'अशा पोथ्या घरोघरी असतात' असे उत्तर आम्हाला मिळाले. ज्या नागपुरात संशोधक वि. भि. कोलते यांनी महानुभाव पंथाच्या हस्तलिखितांसाठी आयुष्य वेचले, त्या शहरात ग्रंथ सांभाळण्यासाठीच उभ्या राहिलेल्या संस्थेने असे बोलावे, याचे दुःख वडिलांना शेवटपर्यंत राहिले.

भाऊ, एका परिचितामार्फत तुमचा निरोप आला आणि मी फोन केला, तेव्हा तुम्ही शेवटचे पान वाचू लागलात. पणजोबांचे नाव वाचलेत, पणजीच्या ओळीशी आलात आणि थांबलात. 'पुढचं नाव तुम्हीच सांगा ना जी,' असे तुम्ही म्हणालात. मी नाव सांगितले. तुम्ही क्षणभर काही बोलला नाहीत, आणि मग म्हणालात, 'तुमच्याच घरची हाये. या, घेऊन जा.' हे थांबणे मला विसरता येत नाही. पोथी चुकीच्या हाती जाऊ नये याची काळजी त्यात होतीच. पण पुरावे मागून आम्हाला संशयाने तपासण्याऐवजी तुम्ही आमच्या पणजीचे नाव आमच्याच तोंडून येऊ दिलेत. तिचे नाव घरात कितीतरी वर्षांत कोणी मोठ्याने उच्चारले नव्हते.

दुकानात आलो तेव्हा दिसले की पानांवरची धूळ तुम्ही कोरड्या कापडाने हलकेच झटकली होती. काजळाची शाई उन्हाने सहसा उडत नाही, पण ओल्या फडक्याने पुसली जाते. हे तुम्हाला कोणी शिकवले होते की नुसत्या जपणुकीतून तुमचा हात तसा चालला, हे विचारायचे राहून गेले. जुना ग्रंथ विकताना मालकीची खूण असलेले पान काढून टाकणारेही या व्यवहारात असतात. तुम्ही मोडी वाचू शकत नसतानाही ते पान सर्वांत वर, पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवले होते. मोबदल्याची गोष्ट काढली तेव्हा तुम्ही गठ्ठ्याच्या वजनाचे रद्दीच्या भावाने जेवढे होतात तेवढेच पैसे घेतलेत. सचोटी ही पदाबरोबर किंवा शिक्षणाबरोबर आपोआप येत नाही, हे आम्ही ऐकत आलो होतो. तुमच्या दुकानात ते आईने स्वतः पाहिले, आणि परतताना वाटेत ती एवढेच म्हणाली की हे पाहायला तुझे वडील हवे होते.

आता शेवटच्या पानाची छायाचित्रे काढून आम्ही नात्यातल्या सर्व घरी पाठवली आहेत, म्हणजे पणजीचे अक्षर एकाच ठिकाणी अडकून राहणार नाही. मोडीतली ओळ एका जाणकारांकडून वाचून घेत आहोत. पहिल्या मालकाच्या घराण्यातले कोणी सापडले तर त्यांनाही ती पाहता यावी, असे आईला वाटते. येत्या श्रावणात याच पोथीवरून पारायण करायचे ठरले आहे. समाप्तीच्या दिवशी तुम्ही आणि वहिनींनी महालात आमच्या घरी जेवायला यावे, ही आईची विनंती आहे. दुकान लवकर बंद करावे लागेल, तेवढे कृपया करावे.

आपला कृतज्ञ,
पोथीवाल्या घरातला एक मुलगा
महाल, नागपूर