लॉनसाठी बी मागवण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : सोसायटीच्या लॉनवर नव्याने गवत पेरण्याबाबत

महोदय,

मधल्या लॉनवर पुन्हा बी पेरणार असल्याची सूचना नोटीस बोर्डावर वाचली. निर्णयाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त सगळ्या लॉनसाठी एकाच प्रकारचं बी मागवू नये, ही कळकळीची विनंती.

गवत गेलेला पट्टा नेमका दोन विंगांमधल्या झाडांखालचा आहे. तिथे जेमतेम तासभर ऊन येतं. बर्म्युडा ग्रास, म्हणजे आपली हरळी, तिला दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. सावलीत ती उगवते, पण विरळ आणि लांबुडकी होत जाऊन शेवटी मरते. म्हणून उन्हातल्या भागात हरळी पेरावी आणि झाडांखाली सावली सोसणाऱ्या कार्पेट ग्रासचे मुळांसकट तुकडे लावावेत. फेस्क्यू, रायग्रास ही थंड हवेची गवतं. उकाड्यात ती टिकत नाहीत. पाकिटावरच्या फोटोपेक्षा उगवणशक्तीची टक्केवारी, तणाच्या बियांचं प्रमाण आणि चाचणीची तारीख बघावी.

बी कितीही चांगलं असलं तरी आत्ताच्या जमिनीत ते रुजायचं नाही. कोपऱ्यावर जिथून सगळे आडवे जातात, तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहिला, तर बोटाच्या पेराएवढाही आत गेला नाही. आधी माती खणून भुसभुशीत करून कुजलेलं शेणखत मिसळायला हवं. आणि लोक तिथून जाणारच, तेव्हा त्या वाटेवर सरळ फरशा टाकाव्यात.

हरळीचं बी मोहरीहूनही बारीक असतं. चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम पुरतं. त्यावर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड मातीचा थर नको, खोल गेलेलं बी वर येत नाही. उगवायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर वरची माती सुकू न देता दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा द्यावा.

गवत धरलं की मात्र हा क्रम बदलावा लागेल. सध्या रोज संध्याकाळी पाइपने पाच मिनिटं पाणी मारलं जातं. त्याने वरचाच थर भिजतो, मुळं वरच राहतात आणि रात्रभर ओल्या पात्यांवर बुरशी येते. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, सकाळी, खोलवर मुरेल असं पाणी द्यावं. कापतानाही एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. मशीनचं पातं बोथट झालं आहे, गवताची टोकं फाटून पांढुरकी पडलेली दिसतात. तेही धार लावून घ्यावं.

पुढच्या सभेत हा विषय घ्यावा. ऑर्डर देण्याआधी एखाद्या रविवारी लॉनवर कुठे किती तास ऊन पडतं याची खूण करून द्यायला मी तयार आहे. कोवळं गवत मूळ धरेपर्यंत काही आठवडे मुलांना खेळायला मागची मोकळी जागा द्यावी, एवढीच आणखी एक विनंती.

आपली विश्वासू,
एक सभासद, बी विंग