कॅलिफोर्नियातला गाडीचा विमा: हप्ता भरण्याआधी हे वाचा

सर्व सभासदांना नमस्कार.

'गाडी तीच, अपघात एकही नाही, मग हप्ता का वाढला?' असं बरेच जण विचारत आहेत. एक कारण राज्याच्या कायद्यात आहे. १ जानेवारी २०२५ पासून नव्या किंवा नूतनीकरण झालेल्या प्रत्येक पॉलिसीत दुसऱ्याच्या इजेसाठी किमान ३०,००० डॉलर, एका अपघातात एकाहून अधिक जण जखमी झाल्यास एकूण ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर संरक्षण सक्तीचं आहे. आधीचे आकडे होते १५, ३० आणि अवघे ५ हजार, तेही १९६७ सालचे! म्हणजे ज्यांनी फक्त किमान विमा घेतला होता, त्यांनाच हा बदल थेट लागू पडतो.

सॅन फ्रान्सिस्को किंवा लॉस एंजेलिसच्या गर्दीत राहणाऱ्यांनी मात्र किमानावर थांबू नये. पुढची टेस्ला जोरात ठोकली तर १५ हजार कुठल्या कुठे जातात. वरचे पैसे आपल्याच खिशातून. विमा नसलेल्या चालकापासूनचं संरक्षणही पैसे वाचवायला म्हणून सही करून नाकारू नका.

हप्ता कमी करायचाच असेल तर वर्षाचे मैल तपासा. १९८८ च्या प्रस्ताव १०३ मुळे (मतदारांनी मंजूर केलेला राज्याचा विमा कायदा) इथे चालकाचा इतिहास, मैल आणि अनुभव यांना सर्वाधिक वजन आहे. घरून काम करत असाल आणि कागदावर जुनेच मैल असतील तर एजंटला आजच कळवा.

– कार्यकारिणी