ताई, बँड ऑन द वॉलच्या त्या रात्रींबद्दल थँक्यू

ताई, नमस्कार.

परवा तुमच्या भाचीचा फोन आला होता. म्हणाली मावशी आता दिवसभर टॅबवर मराठी वाचत बसते, काही चांगलं असलं तर पाठव. मग म्हटलं पाठवायचं कशाला, लिहितोच, आणि उघडंच लिहितो, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल की एका मिरजेच्या नर्सबाईनं इचलकरंजीच्या एका घाबरट पोराला मँचेस्टर आणि तिथले गाण्याचे क्लब कसे दाखवले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८४ साली मी मँचेस्टरच्या युमिस्टला, म्हणजे तिथल्या तंत्रविद्यापीठात, टेक्स्टाइल शिकायला गेलो. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, त्यामुळे घरच्यांना वाटत होतं पोरगं मोठ्या इचलकरंजीला चाललंय, तिथं आपल्यापेक्षा मोठे माग असणार. तिथं जाऊन बघतो तर माग फक्त डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये. लँकेशायरच्या मिल कित्येक वर्षांपासून एकेक करून बंद पडत आल्या होत्या, आणि कापसाच्या पैशावर बांधलेली विटांची दांडगी वेअरहाऊसं काचा फुटलेल्या अवस्थेत उभी. इकडं मुंबईत ८२ चा संप होऊन गिरणगाव थंड पडलेलं, ते बघून निघालो आणि तिकडं उतरलो तर हे. खाणकामगारांचा संप चालू होता ते वेगळंच, रस्त्यात बादल्या घेऊन लोक पैसे गोळा करायचे. पहिले काही महिने मी हॉस्टेल, लॅब, लायब्ररी आणि परत हॉस्टेल एवढंच केलं. संध्याकाळी चार वाजता अंधार पडायचा.

मग कुणाच्या तरी घरी दिवाळीच्या फराळाला तुम्ही भेटलात. नाताळवाल्या असून चकल्यांवर पहिला हात तुमचा होता हे मी विसरलेलो नाही. तुम्ही विचारलंत, "शनवारी रात्री काय करालायस?" मी म्हटलं रिपोर्ट लिहितोय. तुम्ही म्हणालात, "रिपोर्ट पळून जातोय काय? कोट घाल नि ये स्वान स्ट्रीटला." झालं. एवढ्यावर सगळं सुरू झालं.

स्वान स्ट्रीटवरचा बँड ऑन द वॉल बाहेरून बघितला तर साधा कोपऱ्यावरचा पब. खरं नाव जॉर्ज अँड ड्रॅगन, आजूबाजूला स्मिथफील्डचा जुना बाजार, आणि तिथल्या हमालांची गर्दी एवढी असायची की पूर्वीच्या एका मालकानं वाजवणाऱ्यांना मागच्या भिंतीवर वरती एक फळी करून बसवलं, म्हणजे खाली ग्लास ठेवायला जागा राहते. म्हणून भिंतीवरचा बँड. १९७५ मध्ये स्टीव्ह मॉरिस नावाच्या जॅझवाल्यानं एका भागीदाराबरोबर तो घेतला आणि लोकांच्या तोंडातलं नावच पाटीवर लावलं. हे सगळं तुम्हीच सांगितलंत, दाराबाहेर लाइनीत, थंडीनं माझे दात वाजत असताना.

आत धूर. आजच्या पोरांना कल्पना नाही येणार, इंग्लंडात २००७ पर्यंत आत बसून सिगरेट ओढायला बंदीच नव्हती, कोट दोन दिवस खिडकीबाहेर टांगायला लागायचा. आणि तुम्ही पर्समधनं हॉस्पिटलचा कापूस काढून माझ्या हातावर ठेवलात, "कानात घाल, माझ्या वॉर्डात बहिरे ड्रमर येतात." कापूस शिकायला साता समुद्रापलीकडं आलेलो मी आणि पहिल्या रात्री तो कानात. (आता डॉक्टर म्हणतात साध्या कापसानं आवाज फारसा अडत नाही. तुमच्यापुढं हे बोलायची कुणाची टाप होती!)

त्या रात्री जॅझ होतं, चौघंजण, सॅक्सवाला पुढं. मी गायक बालकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या गावचा, घरात ग्वाल्हेर गायकीशिवाय दुसरं संगीत नाही असं मानणारे आजोबा, त्यामुळे मी आपला मांडीवर बोटं आपटत सम शोधत बसलो. सापडेना. चिडचिड व्हायला लागली. तुम्ही माझा हात धरून टेबलावर दाबून ठेवलात आणि म्हणालात, "मोजू नको. तो उभा मोठा बेस आहे ना, त्या एकट्यालाच धर, बाकीचे काय दंगा करायचाय तो करूदेत." आणि ताई, पाचेक मिनिटांत त्या गाण्याचं घर दिसायला लागलं. बेसवाला चालतोय, त्याच्या डोक्यावर बाकीचे हिंडतायत, मधेच सुरुवातीचा मुखडा येतो, लोक टाळ्या वाजवतात, मग दुसरा सुटतो. गाणं चालू असताना टाळ्या, हे मला भयंकर वाटलं होतं, पण आपल्याकडं तरी काय, चांगली तान आली की वाहवा म्हणतोच की.

नंतर विचारलं तुम्हाला हे कुठनं कळलं, तर म्हणालात मिरजेला दर्ग्यात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात रात्रभर गाणं चालायचं, तुमचे वडील चर्चमधनं परस्पर घेऊन जायचे, जमिनीवर बसायचं, झोप आली तर तिथंच आडवं व्हायचं आणि उठलं की पुढचा गायक. रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो (बायकांचा खालचा सूर). म्हणजे एका कानात रागदारी, एका कानात हार्मनी, वर नर्सिंगला मिरज मिशन हॉस्पिटल आणि तिथनं थेट मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीची कॅज्युअल्टी. तुमच्याएवढी तयारी असलेला ऐकणारा त्या गर्दीत दुसरा नसणार, हे मला तेव्हा नाही कळलं, आता कळतं.

आणि तुमच्या शेजारच्या त्या आजी! जन्मभर मिलमध्ये विणकर होत्या, कानानं जवळजवळ गेलेल्या, तरी दर वेळी यायच्या. खोलीच्या त्या टोकाला बसून ह्या टोकाला तुमच्याशी नुसते ओठ हलवून गप्पा मारायच्या, ओठ अगदी मोठे मोठे करून, आणि तुम्ही इकडनं तसंच उत्तर. मला वाटलं काहीतरी नाटक चाललंय. मग कळलं की लँकेशायरच्या मिलमधल्या बायका अशाच बोलायच्या, मागांच्या खडखडाटात आवाज पोचतच नाही म्हणून, त्याला तिकडं मी-मॉइंग म्हणतात. आमच्या शेडमध्ये हातवारे चालतात, सायझिंगवाल्याला बोलवायचं तर एक खूण, कांडी संपली तर दुसरी, पण अख्ख्या नातेवाइकांची उखाळीपाखाळी नुसत्या ओठांवर, ते पण सॅक्स वाजत असताना, हे मी तिथंच बघितलं. युमिस्टच्या एकाही लेक्चरमध्ये कापडधंद्याबद्दल एवढं खरं काही कळलं नाही.

आता जो तो मला हॅसिएंडा क्लबबद्दल विचारतो. त्याच्यावर एवढं लिहून आलंय की लोकांना वाटतं आम्ही रोज तिथं नाचत होतो. हो, गेलो होतो, तुम्हीच नेलं होतंत. व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर, पूर्वी तिथं यॉटची शोरूम होती, १९८२ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्स या तिथल्या रेकॉर्ड कंपनीनं आणि न्यू ऑर्डर बँडनं मिळून क्लब काढला, खांबांवर पिवळे-काळे पट्टे, कारखान्यात धोक्याच्या जागी मारतात तसले. दिसायला जबरदस्त. पण आठवड्यातल्या मधल्या वारी आत माणसं कमी आणि थंडी जास्त, आवाज वरच्या काचेला आपटून परत यायचा, शब्द एक कळायचा नाही. तुमचा निकाल एका ओळीत होता, "हितं बघायला यायचं, ऐकायला स्वान स्ट्रीट." पुढं हाऊस म्युझिक, म्हणजे मशीनवर केलेलं नाचायचं संगीत, आलं, ८८ मध्ये तिथं जे काय व्हायचं ते झालं, जगभर नाव झालं, पण तोवर मी परत इचलकरंजीत मागाच्या तेलात हात घालून बसलो होतो. मला विचाराल तर मी हॅसिएंडात कुडकुडलो एवढीच माझी साक्ष.

पण फुशारकी न मारणं पण तुमच्याकडनंच शिकावं. जून १९७६ मध्ये लेसर फ्री ट्रेड हॉलला सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजला, तेव्हा फार लोक नव्हते पण नंतर "मी होतो तिथं" म्हणणारे एवढे निघाले की सगळ्यांना बसवायला स्टेडियम लागेल. अख्ख्या मँचेस्टरात मी एकच माणूस बघितला जो स्वतःहून सांगायचा, "मी नव्हते बाबा, माझी नाइट होती."

रसेल क्लबच्या गोष्टी मात्र तुमच्या डोळ्यांसमोरच्या. ह्यूम भागातला, बसवाल्या कामगारांचा क्लब, कॅरिबियन ड्रायव्हर-कंडक्टर यायचे, जमैकाचं रेगे चालायचं, आणि ७८ पासून ठरलेल्या रात्री फॅक्टरी रेकॉर्ड्सची पोरं तिथंच आपले बँड लावायची. जॉय डिव्हिजन तुम्ही तिथं ऐकलंत आणि तुमचं मत काय, तर "पोरगं गाताना फार आजारी दिसतंय." त्या गायकाला, इयान कर्टिसला, फिट यायच्या हे पुढं सगळ्यांना कळलं. नर्सची नजर.

एक गोष्ट मात्र लिहायचीच आहे. एका क्लबच्या दारात, नाव नको, मला आत सोडेनात. जागा नाही म्हणे, आणि माझ्या मागनं आलेले चौघं गोरे सरळ आत. मी वळून चालायला लागलो होतो, सवय झाली होती. तुम्ही मागनं आलात, दारावरच्या त्या दोन दांडग्यांकडं बघितलंत, आणि त्यातल्या एकाला विचारलंत, "टाके कोरडे झाले का?" तो एकदम "सिस्टर!" म्हणून लहान पोरासारखा कपाळ दाखवायला लागला. शहरातले निम्मे बाउन्सर शनिवारी रात्री तुमच्याच टेबलावर येऊन पडायचे ना! आत गेल्यावर मी थँक्यू म्हणायला लागलो तर म्हणालात, "थँक्यू नको, पुढच्या वेळी पाठ दाखवू नको." आणि मग ७८ च्या अलेक्झांड्रा पार्कचं सांगितलंत, वर्णद्वेषी नॅशनल फ्रंट पक्षाच्या विरोधात केवढा जमाव, गोऱ्यांचा पंक बँड बझकॉक्स आणि काळ्यांचा रेगे बँड स्टील पल्स एकाच स्टेजवर, आणि तुम्ही साडी नेसून गवतात. ८१ ला मॉस साइडला दंगल झाली तेव्हा तुम्ही ड्युटीवर, दोन्ही बाजूंची डोकी शिवत. हे सगळं तुम्ही पंटर लोकांसारखं रंगवून नाही सांगायचात, भाजी निवडता निवडता सांगितल्यासारखं सांगायचात, म्हणून जास्त बसलं.

रात्री घरी जायचं म्हणजे ऑक्सफर्ड रोडनं सरळ दक्षिणेला चालत, रशहोमला कबाब, आणि कुठल्या गल्लीत शिरायचं, कुठं रस्ता ओलांडून पलीकडनं जायचं हे तुम्हाला पाठ. वाटेत परीक्षा. आज ड्रमर काय करत होता? मला काही सांगता आलं नाही तर कबाबचे पैसे माझे. स्कॉलरशिप कमी होती, त्यामुळे ऐकणं फार लवकर सुधारलं.

जुलै ८६ मध्ये जीमेक्सला न्यू ऑर्डर, स्मिथ्स, द फॉल सगळे एका दिवशी होते, जुन्या सेंट्रल स्टेशनच्या कमानीखाली, तिथं पण आपण गेलो, पण ती जत्रा होती. मला विचाराल तर लहान खोल्याच खऱ्या. मोठ्या जागेत वाजवणारा आपल्याला दिसतो, लहान खोलीत आपण त्याला दिसतो.

लोकांना कधीकधी प्रश्न पडतो की एवढे बँड त्याच गावात का. मी टेक्स्टाइलवाला म्हणून माझं आपलं साधं उत्तर आहे, जागा रिकाम्या होत्या आणि भाडं जवळजवळ नव्हतं. कापसाची गोदामं, मिलचे मजले, तिथं पोरांनी तालमी केल्या, लिटल पीटर स्ट्रीटवर तर एका जुन्या इमारतीत मजल्यावर मजले नुसते बँड. धंदा गेला आणि खोल्या राहिल्या. मुंबईत पण मिलच्या जागेत संगीत आलं, मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ ला ब्लू फ्रॉग नावाचं संगीताचं क्लब-रेस्टॉरंट सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम गेलो, साउंड उत्तम, खरंच उत्तम, हॅसिएंडापेक्षा शंभर पटीनं. पण जेवणाचं बिल बघितलं आणि वाटलं की इथं एखाद्या मिलमधली निवृत्त आजी येऊन ओठांनी गप्पा मारू शकणार नाही. लोअर परळला जागा रिकाम्या झाल्या त्याच दिवसापासून त्यांना सोन्याचा भाव होता, तिथं पोरांना कोण तालमीला देणार.

तर ताई, थँक्यू कशाबद्दल ते नीट सांगतो. डिग्री मी घेतली असतीच. पण तुम्ही नसता तर मी मँचेस्टरहून फक्त डिग्री घेऊन आलो असतो, आणि कुणी विचारलं तर थंडी आणि पाऊस सांगितला असता. परत आल्यावर आमच्या शेडमध्ये कुठला माग बिघडतोय ते लांबनं ऐकून सांगायचो, मिस्त्री म्हणायचे साहेब विलायतेत शिकून आले. काय शिकलो ते त्यांना कुठं सांगू, सगळ्यांचा दंगा सोडून एकालाच कानानं धरायला तुम्ही शिकवलंत. कामगारांना कानात घालायला बरे प्लग आणून दिले ते पण तुमच्याच धाकानं. कुणी घातले नाहीत ही गोष्ट वेगळी.

हॅसिएंडा पाडून त्याच नावाचे फ्लॅट झालेत. फ्री ट्रेड हॉलचं हॉटेल झालं. बँड ऑन द वॉल मधे बंद होता, २००९ ला परत उघडला आणि अजून चालू आहे, त्याच जागेवर. माझी पोरगी लीड्सला असते, तिच्याकडं मी सप्टेंबरात येतोय. तिथनं ट्रेननं मँचेस्टर जवळ आहे. तुमच्या गुडघ्यांचं भाचीनं सांगितलंय, त्यामुळे बसायला खुर्ची मिळेल का ते आधी विचारून ठेवतो. जॅझ असेल ती रात्र तुम्ही ठरवा. कबाबचे पैसे कुणाचे ते तिथं गेल्यावर बघू.

तुमचा,
इचलकरंजीकर

ता. क. येताना चकल्या आणतोय. भाजणी बायकोच्या हातची आहे, काही तक्रार असेल तर थेट तिला फोन करा, मला मधे घेऊ नका.