प्रमाणपत्रानंतरचे वर्षही मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महिलांच्या शिवणकाम आणि ब्युटी पार्लर प्रशिक्षणवर्गांच्या समारोपाची छायाचित्रे आपल्या दैनिकात वरचेवर प्रसिद्ध होतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिवणकामाची शिल्पनिदेशिका, म्हणजे व्यवसाय शिकवणारी शिक्षिका, म्हणून मी निवृत्त झाले असल्याने अशा छायाचित्रांत मीही अनेकदा उभी राहिले आहे. त्यामुळे छायाचित्र काढून झाल्यावर त्या महिलांचे पुढे काय होते, हा प्रश्न आधी मीच स्वतःला विचारला पाहिजे.

सोलापुरात गणवेश शिवणारे अनेक कारखाने आहेत. तेथे विजेवर चालणाऱ्या वेगवान मशीनवर एकीने दिवसभर केवळ कॉलर जोडायची, तर दुसरीने खिसे बसवायचे, अशी कामाची विभागणी असते. आमच्या अल्पमुदतीच्या वर्गांत मात्र पायमशीनवर झबले, परकर आणि ब्लाऊज शिकवले जाते. असे शिकलेली बाई कारखान्यात गेली की सुरुवातीला तिचा हात चालत नाही, नगावर मिळणारी मजुरी बसभाड्यालाही पुरत नाही आणि महिनाभरात ती घरी परतते. घरी बसून शिवावे, तर त्याच गल्लीतल्या दहा-बारा जणी त्याच वर्गात शिकलेल्या असतात. एकमेकींचे ब्लाऊज शिवून कोणाचे घर चालणार?

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. तरीही वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर) या व्यवसायांकडे मुली क्वचितच वळतात, आणि त्याचे खापर सरसकट त्यांच्या ‘आवडी’वर फोडले जाते. माझ्या पाहण्यातल्या एका तुकडीत तीन मुलींनी वीजतंत्रीला प्रवेश घेतला होता. त्यांतल्या एकीने संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकते म्हणून, तर दुसरीने कार्यशाळेजवळ महिलांसाठी स्वच्छतागृह नव्हते म्हणून शिक्षण सोडले. तिसरी टिकली. आज ती शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारींची तार नव्याने भरून देते आणि माझ्या बहुतेक विद्यार्थिनींपेक्षा अधिक कमावते, हे मला थोड्या संकोचाने का होईना, मान्य करावे लागते.

शिकणे आणि कमावणे यांची सांगड न बसण्याची ही अडचण नवी नाही आणि तिचे उत्तरही आपल्याकडे जुनेच आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेचे काम शिकण्यासाठी ससून रुग्णालयात पाठवले, तेव्हा शिकण्याची जागा आणि कामाची जागा यांत अंतर उरले नव्हते. अलीकडच्या योजनांपैकी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. शेतमजुरी करणारी बाई वर्गाला आली की तिचा रोज बुडतो, ही साधी गोष्ट या योजनेने ध्यानात घेतली, एवढ्यासाठी तरी तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. मात्र तिचा लाभ ठरावीक १८ पारंपरिक व्यवसायांपुरताच आहे. बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची पद्धत आहे. महिलांसाठी वर्ग चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती शासकीय असो वा खासगी, हीच अट घालावी आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता प्रशिक्षणार्थींच्या संख्येवर न देता, वर्षभरानंतर त्यांतल्या किती जणी कमावत्या आहेत हे पाहून द्यावा.

आपल्यालाही एक विनंती आहे. यापुढे प्रमाणपत्र वाटपाचे छायाचित्र छापताना, त्याच संस्थेच्या गेल्या वर्षीच्या तुकडीतील किती महिला आज कामावर आहेत, हा आकडा आयोजकांकडून मागवून छायाचित्राखाली द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशिका, सोलापूर