जॅक्सनहून पत्र: 87 टक्क्यांचा छेद

जॅक्सन, मिसिसिपी
11 ऑक्टोबर 2023

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचायला तीन आठवडे लागले, तरी त्यातला प्रश्न शिळा झालेला नाही. मागच्या पत्रात मी लिहिलेले दोन आकडे एकाच राज्याचे असूच शकत नाहीत, असे तू म्हणतोस. 1936 सालच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांना, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाला, 97 टक्के मते देणारे मिसिसिपी 1964 साली त्याच पक्षाच्या लिंडन जॉन्सन यांना 13 टक्केही देत नाही, आणि तेही ज्या वर्षी सबंध देशाने जॉन्सन यांना 61 टक्के मते देऊन डोक्यावर घेतले त्याच वर्षी, हे तुला पटत नाही. "उतरवताना चुकला असशील," असा शेरा मारून तू मोकळा झाला आहेस. तुझी सवय मला ठाऊक आहे. पेपर तपासताना उत्तर फारच नीटनेटके आले की तुला आधी कॉपीचा संशय यायचा. पण आकडे बरोबर आहेत. 1964 साली रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर यांना या राज्यात 3,56,528 मते मिळाली आणि जॉन्सन यांना 52,618. टक्केवारी 87.14 विरुद्ध 12.86. राज्यातल्या 82 परगण्यांपैकी एकही जॉन्सन यांच्या वाट्याला आला नाही.

आता तुझेच शस्त्र तुझ्यावर उगारतो. वर्गात कोणी "इतके टक्के" म्हणाला की तू त्याला उभा करून "आधी छेद सांग" म्हणायचास. या 87 टक्क्यांचा छेद काय, हे तू मला विचारलेच नाहीस.

छेद आहे चार लाख नऊ हजारांच्या आसपास. 1960 च्या जनगणनेनुसार मिसिसिपीत मतदानाच्या वयाची, म्हणजे त्या वेळी 21 वर्षांवरील, माणसे सुमारे 11 लाख 70 हजार होती. त्यांतली साडेसात लाखांच्या आत-बाहेर गोरी आणि सुमारे 4 लाख 22 हजार कृष्णवर्णीय. म्हणजे तीनांतल्या दोघा प्रौढांनी त्या दिवशी मत दिलेच नाही, आणि ज्या विजयाला आपण 87 टक्के म्हणतो तो सगळ्या प्रौढांच्या हिशेबात 30 टक्क्यांच्या थोडा वर जातो. घरी बसलेल्यांत आळशी आणि उदासीन लोकही असतीलच. ते कोणत्या देशात नसतात? पण 4 लाख 22 हजार कृष्णवर्णीयांपैकी मतदारयादीत नाव असलेले लोक जेमतेम 28 हजारांच्या वर, म्हणजे शेकडा सातही नव्हते, ही गोष्ट आळसाने घडत नाही.

ती कशी घडली हे सांगण्यासाठी मी तुला रूलव्हिल नावाच्या गावाला नेतो. गेल्या शनिवारी जावयाने मला गाडीतून तेथे नेले. जॅक्सनहून उत्तरेला दोनेक तासांवर हे गाव आहे, सनफ्लॉवर परगण्यात, ज्या सपाट गाळाच्या पट्ट्याला येथे नुसते डेल्टा म्हणतात तेथे. वसंता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत फुटलेला कापूस पाहून मला आपले हिंगणघाट आठवले. तुमच्याकडे सीतादही आटोपून वेचणीला बाया लागल्या असतील. येथे मात्र वावरात एक माणूस दिसला नाही, फक्त घराएवढी यंत्रे. पुढे कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी लढलेल्या फॅनी लू हेमर यांचे बालपण याच पट्ट्यातल्या वावरात गेले. वयाच्या सहाव्या वर्षापासून त्या कापूस वेचू लागल्या. पुढे एका गोऱ्या जमीनदाराच्या मळ्यावर 18 वर्षे राबल्या, मजुरांचे तास आणि वजने लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. म्हणजे लिहिता-वाचता उत्तम येत होते. आपल्याला मत देण्याचा हक्क आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळले ते ऑगस्ट 1962 मध्ये, गावातल्या चर्चमधल्या एका सभेत. तेव्हा त्या 44 वर्षांच्या होत्या.

त्यानंतर 31 ऑगस्टला 18 जण एका जुन्या बसमधून इंडियानोला या सनफ्लॉवर परगण्याच्या मुख्य गावी नाव नोंदवायला गेले. मतदारनोंदणीचा कारकून समोर अर्ज ठेवी. त्यात 21 प्रश्न असत. कुठे काम करता, हे लिहावे लागे, म्हणजे मालकाला निरोप पोहोचवायची सोय आपोआपच होई. शिवाय राज्यघटनेच्या 285 कलमांपैकी कारकुनाच्या मर्जीला येईल ते एक कलम उतरवून त्याचा अर्थ सांगावा लागे, आणि अर्थ बरोबर की चूक हेही तोच ठरवी. हेमर यांच्या वाट्याला पूर्वलक्षी कायद्यांविषयीचे कलम आले. घोड्याला नाताळची जेवढी माहिती तेवढीच मला त्या कायद्याची होती, असे त्या पुढे सांगत. अर्थात नापास. परतताना पोलिसांनी बस अडवून चालकाला दंड केला. कारण काय, तर बसचा पिवळा रंग शाळेच्या बसशी फार मिळताजुळता होता. त्याच संध्याकाळी मळ्याच्या मालकाने हेमर यांना सांगितले की अर्ज मागे घे, नाही तर मळा सोड. त्यांनी मळा सोडला. जानेवारी 1963 मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि मत द्यायची वेळ आली तेव्हा कळले की मतदान-कराच्या दोन वर्षांच्या पावत्या लागतात. त्या वर्षी जून महिन्यात विनोना गावच्या तुरुंगात त्यांना जी मारहाण झाली तिने मूत्रपिंड कायमचे दुखावले. अर्जदाराचे नाव दोन आठवडे वर्तमानपत्रात छापण्याचा कायदाही या राज्याने 1962 मध्ये केला होता. धमकी देणाऱ्याला पत्ता शोधत फिरायला नको. हे सारे 1890 च्या राज्यघटनेपासून मुरत आलेले लोणचे होते. आणि यादवी युद्धानंतरच्या काही वर्षांत याच राज्याने दोन कृष्णवर्णीयांना वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये पाठवले होते, हे लक्षात घेतलेस तर किती मागे नेले होते हे कळेल.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते तसे नाही. रूलव्हिलच्या त्या सभेत बोलणाऱ्यांपैकी एक होते जेम्स बेव्हल. अहिंसक सत्याग्रहाचे शिक्षण त्यांना नॅशव्हिल येथे जेम्स लॉसन यांच्याकडून मिळाले होते. आणि हे लॉसन 1953 ते 1956 कोठे होते, सांग पाहू? नागपूरला, आपल्याच हिस्लॉप कॉलेजात! मेथॉडिस्ट मिशनरी म्हणून आले होते, मुलांना खेळ शिकवत आणि गांधींच्या मार्गाचा अभ्यास करत. अलाबामातल्या माँटगोमरीच्या कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. आपण दोघे त्या मैदानावर वीस वर्षांनी क्रिकेट खेळलो आणि कोणीही आपल्याला हे सांगितले नाही. तुझे वडील कट्टर लोहियावादी, म्हणून आणखी एक सांगतो: मे 1964 च्या अखेरीस डॉ. राममनोहर लोहिया याच जॅक्सन शहरात आले होते. केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या एका उपाहारगृहात त्यांना प्रवेश नाकारला गेला. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम धोतर नेसून पुन्हा गेले आणि पोलिसांनी त्यांना धरले. तेव्हा ते आपल्या लोकसभेचे सदस्य होते.

ही घटना होऊन सहा महिन्यांच्या आत ती निवडणूक झाली. आता तुझ्या मूळ शंकेकडे, म्हणजे अंशाकडे येतो. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्ष हा शंभर वर्षे गोऱ्यांचा पक्ष होता, कारण रिपब्लिकन म्हणजे लिंकनचा पक्ष, युद्धात हरवणारा. 1936 सालचे 97 टक्के हे त्या सवयीचे फळ, आणि तो आकडाही वीस लाख वस्तीच्या राज्यात पडलेल्या अवघ्या एक लाख 62 हजार मतांवरचा आहे. पक्षाने ही अट पाळली तोवर सारे सुरळीत चालले: वॉशिंग्टनमध्ये काय हवे ते करा, आमच्या वर्णव्यवस्थेला हात लावू नका. 1948 साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हात लावला तेव्हा मिसिसिपीचे प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनातून उठून गेले आणि राज्याने स्ट्रॉम थर्मंड यांच्या बंडखोर पक्षाला मते दिली. किती? 87.17 टक्के! 1964 च्या गोल्डवॉटर यांच्या आकड्याशेजारी हा ठेवून पाहा. पक्ष वेगळा, माणूस वेगळा, मधे सोळा वर्षे, आणि फरक शेकडा तीन शतांशांचा. 1960 साली तर केनेडी आणि निक्सन दोघांनाही बाजूला सारून कोणत्याच उमेदवाराला न बांधलेल्या निर्वाचकांची (राष्ट्राध्यक्षासाठी राज्याच्या वतीने मत देणाऱ्या प्रतिनिधींची) यादी 39 टक्के मतांनी पहिली आली. म्हणून मी म्हणतो की 1964 मध्ये मिसिसिपी पालटले, हे अर्धेच खरे आहे. पालटला तो पक्ष. 2 जुलै 1964 रोजी जॉन्सन यांनी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली आणि गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्याच्या विरोधात मत दिले होते, एवढे या राज्याच्या मतदाराला पुरले. गोल्डवॉटर यांच्यावर अन्याय नको म्हणून हेही लिहितो की 1957 आणि 1960 च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता आणि यावेळचा त्यांचा आक्षेप राज्यांचे अधिकार आणि खाजगी व्यवसायांवरचे बंधन यांविषयी होता. ते ॲरिझोनाचे, वाळवंटातले. पण येथे त्यांना कोणी घटनात्मक सूक्ष्म भेदांसाठी मत दिले असेल, असे मला वाटत नाही. त्यांनी जिंकलेल्या सहा राज्यांत स्वतःचे ॲरिझोना सोडले तर बाकी पाचही खोल दक्षिणेतली होती.

1964 च्या उन्हाळ्याबद्दल लिहायला बसलो तर दुसरे पत्र होईल. मतदारनोंदणीसाठी शेकडो विद्यार्थी राज्यात आले होते. 21 जूनला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुण कार्यकर्त्यांचा नेशोबा परगण्यात खून झाला आणि 44 दिवसांनी मातीच्या धरणाखाली त्यांची प्रेते सापडली. ऑगस्टमध्ये हेमर आणि त्यांचे सहकारी आपला स्वतंत्र 'फ्रीडम डेमोक्रॅटिक' पक्ष घेऊन डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात गेले, राज्याचे खरे प्रतिनिधी आम्ही, असे म्हणत. हेमर साक्ष देत असताना दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडून वळावेत म्हणून जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावली. पण वाहिन्यांनी ती साक्ष रात्री दाखवली आणि ती अधिकच लोकांपर्यंत पोहोचली. शेवटी त्यांना दोन जागा देऊ केल्या गेल्या, त्यांनी नाकारल्या. राज्याच्या अधिकृत गोऱ्या प्रतिनिधींपैकी बहुतेक जण पक्षनिष्ठेची शपथ घ्यायला नको म्हणून निघून गेले. मला सर्वांत जास्त बोचते ते पुढचे. ज्या जॉन्सन यांनी हेमर यांना गप्प करायचा प्रयत्न केला त्यांच्याच प्रचाराला हेमर आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबरपर्यंत दारोदार फिरले, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःला मत देता येत नव्हते.

एक त्रैराशिक तुझ्यासाठी राखून ठेवले आहे. समजा, यादीतल्या 28 हजारांच्या वर असलेल्या कृष्णवर्णीय मतदारांपैकी प्रत्येकाने मत दिले आणि ते जॉन्सन यांनाच दिले. तरी त्यांच्या 52,618 मतांतून 24 हजार मते उरतात, आणि ती गोऱ्यांचीच असली पाहिजेत. प्रत्यक्षात कित्येक नोंदणीकृत लोक घाबरून गेलेच नसतील, म्हणजे गोऱ्यांची मते याहून जास्तच. हे 24 हजार कोण होते याचा मी येथे फार विचार करतो. समाजाबाहेर पडण्याची भीती त्यांनाही होती.

ऑगस्ट 1965 च्या मतदानाधिकार कायद्याने ती परीक्षा बंद केली आणि केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी या राज्यात उतरले. दोन वर्षांत कृष्णवर्णीयांची नोंदणी शेकडा सातच्या आतून साठाच्या घरात गेली. छेद बदलला की अंश कसा वागतो, हे तू पोरांना फळ्यावर शिकवलेस, येथे ते परगण्या-परगण्यात घडले. निकाल मात्र लगेच फिरला नाही. 1968 साली 63 टक्के मते वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांना, 1972 साली 78 टक्के निक्सन यांना. 1976 मध्ये जॉर्जियाच्या जिमी कार्टर यांनी दोन टक्क्यांच्या आत हे राज्य जिंकले, त्यानंतर ते डेमोक्रॅटिक पक्षाकडे पुन्हा गेलेले नाही.

त्या काळच्या नोंदणी-अर्जाची एक प्रत मला मिळाली, तिची झेरॉक्स सोबत जोडली आहे. शेवटाकडे एक प्रश्न आहे, घटनात्मक राज्यपद्धतीत नागरिकाची कर्तव्ये कोणती ते लिहा. चष्मा पुसून, मुलीच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी त्याचे उत्तर सात ओळींत लिहिले आहे. कारकुनाच्या जागी तू बस आणि मला पास कर किंवा नापास; कारण देण्याचे बंधन तुझ्यावर नाही.

वहिनींना नमस्कार. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो आहे.

तुझा,
माधव