मिठी नदीचा पूर आणि भरतीचे वेळापत्रक

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर

महोदय,

मुंबईत मुसळधार पाऊस झाला की मिठी नदीची बातमी आपल्या अंकात येते, आणि ती वाचून आमच्या पेठेतले लोक दरवर्षी हेच विचारतात की एवढा पैसा ओतून त्या नाल्यातला गाळ का निघत नाही. माझा धाकटा भाऊ कुटुंबासह कुर्ला पश्चिमेला राहतो. २६ जुलै २००५ रोजी पोटमाळ्यावर बसून त्याने रात्र काढली आणि आम्हाला इकडे दोन दिवस त्याचा ठावठिकाणा लागला नाही. तेव्हापासून ही नदी समजून घेण्याचा मी प्रयत्न करीत आलो आहे, म्हणून हे पत्र.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. आपली सीना किंवा भीमा पूर आला तरी एकाच दिशेला वाहते. मिठीचे तसे नाही. समुद्राला भरती आली की खारे पाणी माहीमच्या बाजूने आत शिरून कुर्ल्याच्या दिशेने चढते आणि ओहोटी लागली की परत जाते. दिवसातून दोनदा, सुमारे सव्वासहा तास चढ आणि तितकाच काळ उतार, असा हा क्रम आहे. मोठ्या उधाणाच्या वेळी नदीचे तोंड जवळजवळ बंद असते. त्याच वेळी वर पवईकडे ढग फुटले, तर खाली येणाऱ्या पाण्याने जायचे कुठे? २६ जुलैला नेमके हेच घडले. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे ध्यानात घेतले की त्या एका दिवसाचा अंदाज येतो. पहाटे पुन्हा भरती आली, त्यामुळे उतरू लागलेले पाणी माझ्या भावाच्या घरातून हलायला तयार नव्हते.

अशा नदीला भरतीच्या काळात पाणी थोपवून धरायला जागा लागते. ती जागा म्हणजे तिची खाजण, म्हणजे भरतीचे पाणी पसरते ती सखल खारी जमीन, तिवरांची म्हणजे खारफुटीची झाडी, मिठागरे आणि दलदल. नेमकी हीच जागा आपण रिकामी समजून भरून टाकली. वांद्रे-कुर्ला संकुल अशाच पाणथळ जमिनीवर उभे राहिले, विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळावे लागले, आणि दोन्ही काठांवर गोदामे, भंगाराचे कारखाने व गरिबांची वस्ती दाटत गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसे तिथे राहिली, त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्येही कुर्ल्याच्या क्रांतीनगरातून शेकडो रहिवाशांना हलवावे लागले, तेव्हा टीव्हीवर भांडी डोक्यावर घेतलेल्या बायका पाहून मला माझी भावजय आठवली.

२००५ च्या पुरानंतर मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. वरचा भाग महापालिकेकडे आणि खालचा सुमारे सहा किलोमीटरचा, म्हणजे भरतीचा जोर असलेला भाग, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, अशी विभागणी झाली. पात्र रुंद झाले, खोल झाले, काठांवर भिंती उभ्या राहिल्या. ही कामे निरुपयोगी होती असे मी म्हणत नाही. परंतु समुद्राची पातळी वर असताना खोल केलेल्या पात्रात आधी समुद्रच शिरतो, म्हणून केवळ गाळाच्या टनांवर यश मोजणे चूक आहे. त्यातही गाळ काढण्याच्या कामात सुमारे ६५ कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, तेव्हा ते टन तरी किती खरे, असा प्रश्न पडतो. माहीमच्या खाडीलगत उरलेली तिवरे राखणे आणि क्रांतीनगरसारख्या वस्त्यांचे पुनर्वसन रोजगारापासून फार दूर न नेता करणे, हे मला गाळाइतकेच तातडीचे वाटते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे कुणाला वाटेल. पण २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला, तेव्हा नदीच्या हक्काच्या जागेचा अर्थ आपल्यालाही कळला. शहरातली आदिला नदी आपण नाला म्हणू लागलो आहोत, तेही याच वाटेवरचे पाऊल आहे.

सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्यापासून कामासाठी मुंबईत गेलेली माणसे आज आपल्याकडच्या कितीतरी घरांत आहेत. म्हणून आपल्याला एक विनंती करतो. पावसाळ्यात आपण मुंबईचा पाऊस छापता, त्याच चौकटीत त्या दिवसाच्या भरतीची वेळ आणि उंचीही द्यावी. साडेचार मीटरच्या आसपासची किंवा त्याहून मोठी भरती आणि अतिवृष्टीचा इशारा एकाच दिवशी आला, तर कुर्ल्यातल्या आपल्या माणसाला सकाळीच फोन करून सामान वर ठेवायला सांगता येईल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक,
साखर पेठ, सोलापूर