‘डाउनलोड १४’ला नाव लावायला शिकवणाऱ्या ग्रंथपाल ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

परवा प्रबंधाचं शेवटचं प्रकरण गाइडांच्या हातात दिलं. संदर्भसूचीतल्या कोणत्याही नोंदीवर बोट ठेवा, तिची फाइल मी तिथल्या तिथं उघडून दाखवतो. घरी येऊन पहिलं काम हे पत्र लिहायचं केलं. फोन केला असता तर ‘अहो सर, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

तुमच्या टेबलाशी मी आलो तो एक पेनड्राइव्ह घेऊन. विषय १९७२-७३ च्या दुष्काळातली मराठवाड्यातली कामं आणि त्यातून पुढं आलेली रोजगार हमी. चार वर्षांत जमवलेलं सगळं त्यात होतं: समित्यांचे अहवाल, जीआर म्हणजे शासन निर्णय, इतरांचे प्रबंध, झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतलेली जुनी पुस्तकं. नावं मात्र ‘डाउनलोड १४’, ‘स्कॅन ००३’, ‘फायनल नवीन’ अशी. उतरवून घेतलेले प्रबंध तर प्रकरणवार तुकड्यांत होते, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रकरणाचं नाव तेच, ‘चॅप्टर २’. माझ्याकडं अशी सात ‘चॅप्टर २’ होती. त्यातूनच घोटाळा झाला. मजुरीच्या दराचा एक आकडा मी प्रगती अहवालात एका प्रबंधाच्या नावावर दिला, तो निघाला दुसऱ्याच प्रबंधातला. समितीसमोर पान उघडायला सांगितलं आणि पान सापडेना. त्या दिवशी लातूरहून औशाला येईपर्यंत संशोधन सोडून द्यायचा विचार डोक्यात होता.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. लगेच काही इन्स्टॉल केलं नाहीत. पेनड्राइव्हमधला एक जीआर उघडलात आणि विचारलंत, ‘हा कुठल्या विभागाचा? तारीख काय? कशाबद्दल आहे?’ मला तिन्हीची उत्तरं वाचून द्यावी लागली. तुम्ही म्हणालात, ‘हे तीन रकाने आधी भरू. नाव मग आपोआप पडतं.’

ताई, ते ‘आधी’ मी चार वर्षं टाळत आलो होतो.

झोटेरो, म्हणजे संदर्भांच्या नोंदी आणि फाइली सांभाळणारं सॉफ्टवेअर, हे नाव मी तुमच्याकडं पहिल्यांदा ऐकलं. फुकट आहे आणि २००६ पासून चालू आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) असलेला इंग्रजी लेख आत टाकला की लेखक, वर्ष, शीर्षक स्वतः शोधून आणतो आणि फाइलला त्याच क्रमानं नाव देतो, हे पाहून मी हरखलो होतो. तेव्हाच तुम्ही सावध केलंत की आपल्या मराठी कागदांना ही सोय नाही. स्कॅन म्हणजे नुसता फोटो, त्यात संगणकाला वाचता येईल असा मजकूरच नसतो. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नसतो. म्हणजे नोंद हातानं करायची, फाइल तिच्याखाली जोडायची आणि मग उजवी क्लिक करून ‘रिनेम’ म्हणायचं. पुढचे तीन शनिवार तुम्ही त्यातच घातलेत. माझ्या हातातला माउस तुम्ही एकदाही घेतला नाहीत, याचं मोल मला आता कळतंय.

जीआरचं घोडं सगळ्यात जास्त अडलं. प्रत्येक जीआरला १८ अंकी संकेतांक असतो आणि फाइल त्याच आकड्यांच्या नावानं उतरते. पहिल्या आठ अंकांत वर्ष, महिना, दिवस असतो हे तुम्ही दाखवलंत, तोवर मला ती नुसती आकड्यांची माळ वाटायची. संकेतांक ‘नंबर’च्या रकान्यात गेला. पण शीर्षकं केवढी लांब! ‘महाराष्ट्र राज्यातील’नं सुरू होऊन ‘बाबत’पर्यंत पोचता पोचता दोन ओळी जातात. झोटेरो नाव ठरावीक लांबीला कापतो, त्यामुळं पाच जीआरची नावं पुन्हा एकसारखी दिसायला लागली, कारण फरक सगळा शेपटाला. शिवाय माझं फोल्डरात फोल्डर. विंडोजला पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या पुढं झेपत नाही, आणि मराठीत काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजले जातात, म्हणून बॅकअप घेताना काही फाइली मागंच राहायच्या. तुम्ही नावाच्या साच्यातच बदल केलात: छोटं शीर्षक भरलेलं असेल तर ते घे, नसेल तर पूर्ण घे. मग मला बसवून प्रत्येक जीआरला चार-पाच शब्दांचं छोटं शीर्षक द्यायला लावलंत. ते देण्यासाठी जीआर नीट वाचावे लागले. त्यातले दोन माझ्या विषयाचे नव्हतेच.

नावांचंही तसंच. स्वामी रामानंद तीर्थांची नोंद करताना मी ‘तीर्थ’ आडनावाच्या रकान्यात टाकलं होतं. ‘संन्याशाचं आडनाव कुठून काढलंत?’ म्हणून तुम्ही दोन रकान्यांचा एक करून पूर्ण नाव सलग लिहायला लावलंत. ‘महाराष्ट्र शासन’ही तसंच सलग. इंग्रजी अहवालाची नोंद इंग्रजीत, मराठीची मराठीत, आणि एकाच समितीचे दोन्ही अहवाल एका टॅगनं बांधायचे, हा नियमही तुमचाच. प्रादेशिक असमतोलावरचा १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल मी त्याच दिवशी पहिल्यांदा सलग बघितला. तोवर त्याचे तुकडे तीन ठिकाणी पडले होते.

आता जे सांगायचंय ते तुम्हाला माहीत नाही.

शेवटच्या शनिवारी माझ्या मोबाइलमधली रेकॉर्डिंग तुमच्या लक्षात आली. ७२ ला खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या त्या मुलाखती. मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी हा कामावर मिळणारा पूरक आहार खाऊन काढलेले दिवस. मी त्यांना ‘पुरवणी साहित्य’ म्हणत होतो आणि फाइली ‘आरईसी ००२३’ अशाच होत्या. तुम्ही झोटेरोत नोंदीचा प्रकार ‘इंटरव्ह्यू’ निवडलात. पहिला रकाना मुलाखत देणाऱ्याचा, मुलाखत घेणारा त्याच्या खाली. रिनेम केल्यावर फाइलचं नाव मुलाखत दिलेल्या एका आजींच्या नावानं सुरू झालं, पुढं वर्ष, पुढं ‘पाझर तलावाचं काम’. यादीत ती फाइल समित्यांच्या अहवालांच्या शेजारी बसली, त्यांच्यासारखीच. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘आता यांचा संदर्भ देता येईल.’ चौथं प्रकरण मी त्यानंतर नव्यानं लिहिलं. त्यात पुरवणी नाही.

त्या आजी यंदा वैशाखात गेल्या. दहाव्यानंतर नातवाचा फोन आला. ‘सर, आजीचा आवाज तुमच्याकडं आहे म्हणे?’ मी बसस्टँडवर होतो. घरी पोचलो, लॅपटॉप उघडला, शोधात आजींचं नाव टाकलं. ५२ मिनिटांची फाइल समोर आली. रात्रीच नातवाला पाठवली.

आभाराच्या पानावर तुमचं नाव आहेच, पण तिथं एका ओळीच्या वर जागा नाही. हे सगळं त्या ओळीत बसत नव्हतं.

आपला,
औसा तालुक्यातला एक शिक्षक